खोक्यातले जहाज, कागदावरचे जहाज

मी बांधलेल्या पहिल्या छोट्या लाकडी जहाजाचा डावा गाल मी नेहमी भिंतीकडे वळवून ठेवतो. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, जिथे त्याचे अंग फुगून एकदम आत वळते, तिथे त्याच्या फळ्या सुईसारख्या निमुळत्या होत एकमेकींवर चढल्या आहेत, आणि त्यांच्यामधल्या फटी मी लाकडाच्या भुशात गोंद कालवून बुजवल्या आहेत. उजवी बाजू मागाहून केली, त्यामुळे ती बरी आहे. एक बाजू आधी पूर्ण करणे हीच मुळात चूक, कारण सुकणाऱ्या फळ्या सगळा सांगाडा आपल्याकडे ओढतात. पण तेव्हा मला तेही ठाऊक नव्हते. दोन डोलकाठ्यांची ती ब्रिग मी किटमधून, म्हणजे तयार भागांच्या विकतच्या खोक्यातून, बांधली होती आणि त्या डाव्या गालाबद्दल पुष्कळ वर्षे किटलाच दोष देत होतो. खोक्यातल्या सगळ्या पट्ट्या सरळ आणि एकाच रुंदीच्या होत्या, सूचनापत्रकात फळ्या बसवण्याविषयी जेमतेम चार ओळी होत्या, आणि खोक्यावरच्या रंगीत चित्रात मात्र तो गाल लोण्यासारखा गुळगुळीत दिसत होता. पुढे कोऱ्या लाकडापासून जहाज बांधायला घेतल्यावर तो दोष नेमका कोणाच्या पदरात टाकावा, हे मला ठरवता येईनासे झाले.

लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्यांची दोन घराणी आहेत. पहिल्या घराण्यात खोके विकत घेतले जाते: त्यात यंत्राने कापलेला कणा आणि आडवे पडदे (कण्यावर उभे राहून जहाजाला आकार देणारे लाकडी तुकडे), फळ्यांसाठी पट्ट्यांच्या जुड्या, धातूच्या तोफा, लाकडी कप्प्या, दोऱ्याची रिळे आणि नकाशे असतात. दुसऱ्या घराण्यात फक्त नकाशा असतो, आणि कधी कधी तोही स्वतःच काढावा लागतो. बाकी सगळे लाकडाच्या ठोकळ्यातून, तारेतून आणि सुतातून निर्माण करायचे. या दुसऱ्या प्रकाराला सगळे ‘स्क्रॅच’ म्हणतात. नवखा माणूस या छंदात शिरला की त्याच्यापुढे हा प्रश्न जातिभेदासारखा उभा केला जातो. किटवाले स्क्रॅचवाल्यांना हटवादी समजतात, आणि स्क्रॅचवाले किटला मनातल्या मनात, क्वचित उघडपणेही, ‘रंगवायचे पुस्तक’ म्हणतात. या भांडणात कष्ट, कौशल्य आणि वेळ यांचाच हिशेब होतो. मला तो हिशेब गौण वाटतो. जहाज बांधताना हजारो निर्णय घ्यावे लागतात आणि ते कोणीतरी घेतलेच पाहिजेत. किट घेताना आपण लाकडाबरोबर दुसऱ्याचे निर्णय विकत घेत असतो, आणि ते कोणते आहेत हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नसते.

एक उदाहरण घेऊ. माझी ब्रिग १:६४ या प्रमाणात होती. या प्रमाणात माणूस साडेसव्वीस मिलिमीटर उंच होतो. दोर अडकवून बांधण्यासाठी कठड्याच्या फळीत ओवलेल्या ज्या लाकडी खुंट्या असतात, त्या खऱ्या जहाजावर साधारण हातभर, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीच्या असत. प्रतिकृतीत त्या सहा-सात मिलिमीटरच्या भरायला हव्यात. खोक्यात मिळाल्या त्या दहा मिलिमीटरच्या. प्रमाणात मोजले तर ती खुंटी चौसष्ट सेंटिमीटरची झाली, आणि माझ्या जहाजावरचे काल्पनिक खलाशी मुसळांना दोर बांधत असल्यासारखे दिसू लागले. असे का व्हावे? खुंटी बारीक केली तर ती कातणे महाग पडते, मोडण्याचे प्रमाण वाढते, आणि एकच आकार पाच वेगवेगळ्या जहाजांच्या खोक्यांत घालता येत नाही. हा निर्णय अगदी शहाणपणाचा आहे, फक्त तो जहाजाचा विचार करून घेतलेला नाही. दोऱ्याचे तसेच: खऱ्या जहाजावर दोरांच्या जाडीचे पंचवीसएक प्रकार असतील, तर खोक्यात तीन किंवा चार रिळे. डेकच्या फळ्यांचेही तसेच. खरी फळी सात-आठ मीटरहून फारशी लांब नसे, म्हणजे १:६४ ला सुमारे अकरा-बारा सेंटिमीटर, आणि तिचे जोड शेजारच्या फळ्यांच्या जोडांपासून ठरावीक क्रमाने हटवलेले असत; पण एकच अखंड पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत टाका, असे सूचनापत्रक खुशाल सांगते.

यापुढचे निर्णय अधिक सूक्ष्म असतात. व्हिक्टरी हे १७६५ साली पाण्यात उतरलेले, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचे निशाण वाहिलेले आणि आज पोर्ट्समथला जतन केलेले जहाज. त्याच्या प्रतिकृतीचे किट नाही असा निर्माता शोधूनच काढावा लागेल. पण व्हिक्टरी म्हणजे कोणत्या साली दिसणारे व्हिक्टरी? १८०० ते १८०३ च्या मोठ्या दुरुस्तीत त्याच्या पिछाडीचे उघडे सज्जे बंद करण्यात आले, त्यामुळे जन्माच्या वेळचे व्हिक्टरी आणि ट्रफाल्गरचे व्हिक्टरी मागून पाहिले तर दोन वेगळी जहाजे वाटावीत. बाजूच्या पिवळ्या पट्ट्यांचेही तेच. कित्येक दशके तो पिवळा रंग ठसठशीत रंगवला जाई. मग रंगाच्या जुन्या थरांचा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये खऱ्या जहाजालाच पूर्वीपेक्षा फिकट छटा देण्यात आली. त्याआधी छापलेल्या खोक्यांवरची चित्रे पाहून ज्यांनी इमानेइतबारे जहाज रंगवले, त्यांच्या कपाटातले व्हिक्टरी एका रात्रीत जुने झाले. त्यांनी चूक केली असे मी म्हणणार नाही. त्यांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता, कारण तो विचारायचा असतो हे खोके सांगत नाही.

एवढे ऐकून कोणी मला किटचा शत्रू समजेल, म्हणून सांगतो की गाठी मारायला मला त्या ब्रिगनेच शिकवले. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे प्रत्येक बाजूला पाच दोर, त्यांच्यावर शिडीसारख्या बांधलेल्या चोवीस आडव्या दोऱ्या, अशा दोन डोलकाठ्या: नुसत्या खालच्या टप्प्यातल्या गाठी चारशे ऐंशी झाल्या. पहिल्या शंभर गाठींत उभे दोर आत ओढले जाऊन त्यांना कंबर आली. मग मी मागे कागदावर रेघा आखून ठेवल्या आणि आधी मधल्या दोरावर गाठ मारून मग दोन्ही बाजूंना जाऊ लागलो, तेव्हा कुठे ते ताठ राहिले. जहाजाचा सांगाडा मलाच कापावा लागला असता, तर मी या टप्प्यापर्यंत पोहोचलोच नसतो. किट माणसाला शेवटापर्यंत नेते. शेवट कसा असतो हे एकदा पाहिलेला माणूस पुढच्या खेपेला सुरुवात वेगळी करतो. उदाहरणार्थ, डोलकाठ्या उभ्या केल्यावर ज्या कोपऱ्यात बोट जाणार नाही, तिथल्या कड्या तो आधीच बसवून घेतो.

दुसरे जहाज मी किटचेच घेतले, पण त्याच्याशी वाद घालत बांधले. कप्प्या बदलल्या, दोरा स्वतः पिळून केला, डेकच्या फळ्या मोजून तोडल्या, आणि बाहेरच्या थरासाठी दिलेले अक्रोडाचे लाकूड बाजूला ठेवून पेअरचे लाकूड वापरले. अक्रोड हातात सुंदर दिसतो, पण त्याची छिद्रे उघडी असतात, आणि पाव मिलिमीटरचे छिद्र १:६४ ला दीड सेंटिमीटरचा खड्डा होते. खरी जहाजे ओकची असत, आणि ओकची प्रतिकृती ओकमध्ये करता येत नाही, ही या छंदातली मला सर्वांत आवडणारी विसंगती आहे: त्याचे रेषे इतके ठळक असतात की पूर्ण झालेले जहाज कपाटातल्या फळीचा तुकडा वाटते. म्हणून बॉक्सवुड, पेअर, मेपल अशी ज्यांचे रेषे जवळजवळ दिसतच नाहीत ती लाकडे ओकचे सोंग घेतात. ते जहाज झाले तेव्हा किटच्या खोक्यात इतके न वापरलेले सामान उरले होते की झाकण लागेना.

मग मात्र मी स्क्रॅचकडे वळलो. मोठ्या जहाजाची मला भीती वाटत होती, म्हणून अठराव्या शतकातली जहाजावरची एक मोठी होडी निवडली. चोवीस फुटांची, १:२४ ला बरोबर एक फूट. लाकडाचा ठोकळा तासून आधी तिच्या आकाराचा साचा केला, त्यावर वाफवलेल्या बारीक फासळ्या वाकवून बसवल्या आणि फळ्या चढवायला घेतल्या. इथे पट्ट्यांची जुडी नव्हती. होता तो एक मिलिमीटर जाडीचा, चार बोटे रुंद तक्ता, आणि त्यातून फळी कोणत्या आकाराची कापायची हे मलाच ठरवायचे होते.

पद्धत जुनीच आहे. जाड कागदाची पट्टी मोकळ्या जागेवर नाळेपासून पिछाडीपर्यंत टेकवायची, तिला आडवी न मुरडता, तिच्या मनाने पडू द्यायची. मग कंपासाचा कोन कायम ठेवून त्याचे एक टोक आधी बसवलेल्या फळीच्या कडेवरून फिरवायचे आणि दुसऱ्या टोकाने कागदावर ठिपके देत जायचे. कागद मेजावर काढून ते ठिपके जोडले, तेव्हा माझा विश्वास बसेना. होडीवर जी फळी बाणासारखी सरळ धावताना दिसणार होती, ती कागदावर विळ्यासारखी वाकडी होती. मी ती तशीच कापली, कडा कानशीने साफ केल्या आणि जागेवर ठेवली. चिमटे लावण्याआधीच ती शेजारच्या फळीला मिळाली.

त्याच क्षणी मला भिंतीकडे तोंड केलेला तो डावा गाल आठवला. जहाजाच्या पोटाचा घेर मध्यावर मोठा असतो आणि नाळेकडे तो निम्म्यापर्यंत येतो, म्हणजे फळ्या पुढे निमुळत्या व्हायला हव्यात, इतके मला तेव्हाही कळले होते. पण फुगीर अंगावर सरळ पट्टी आपल्या मनाने चालू दिली तर ती नाळेकडे वर चढते, आणि तिला जबरीने खाली मुरडले तर तिची एक कड उचलली जाते, हे मला कळले नव्हते. गोदीतले सुतार रुंद तक्त्यातून वाकडी फळी काढत ते याचसाठी. आणि फळी निम्म्याहून अरुंद होऊ लागली तर ती मध्येच संपवून दोन फळ्यांच्या जागी एक रुंद टोक बसवत, म्हणून त्यांच्या फळ्यांची कधी सुई होत नसे. सरळ पट्टीला गरम करून, मेजावर दाबून आडवा बाक देता येतो, आणि किटमधूनही निर्दोष गाल करणारे लोक आहेत. म्हणजे त्या खोक्यात चूक नव्हती; एक गाळलेला परिच्छेद होता. तो मला स्क्रॅचच्या वाटेने जाऊन वाचावा लागला.

होडीच्या यशाने मी चढलो आणि सगळ्या फासळ्यांसकट, खऱ्यासारखा सांगाडा असलेल्या एका लढाऊ जहाजाला हात घातला, १:४८ मध्ये. लाकूड चिरतानाच पहिला धक्का बसला: एक मिलिमीटरची पट्टी काढायची तर करवतीचे पातेही जवळजवळ तेवढेच लाकूड खाते, म्हणजे निम्मे जहाज भुशात जाते, आणि घासण्यात जाते ते वेगळे. दुसरा धक्का चार महिन्यांनी बसला. एकेक फासळी पाच-सात तुकड्यांची, सांधे एकाआड एक ठेवून चिकटवलेली, अशा एकतीस फासळ्या तयार झाल्यावर मी त्या कण्यावर मांडल्या, आणि त्या कण्याच्या खाचांशी जुळेनात. फासळ्यांच्या आकृत्या मी एका यंत्रावर प्रती काढून लाकडाला चिकटवल्या होत्या आणि कण्याची आकृती दुसऱ्या. त्या दुसऱ्या यंत्राने कागद एकाच दिशेने एक टक्का ताणला होता. नव्वद सेंटिमीटरच्या जहाजात एक टक्का म्हणजे नऊ मिलिमीटर, प्रमाणात मोजले तर खऱ्या जहाजावरचे त्रेचाळीस सेंटिमीटर. नकाशाच्या कडेला मोजपट्टी छापलेली असते, ती याचसाठी. तिच्यावर पट्टी टेकवून पाहायला दहा सेकंद लागले असते. त्या फासळ्या अजून एका डब्यात आहेत. या वेळी दोष द्यायला खोकेही नव्हते.

या अपयशाने माझा एक समज मात्र घालवला. मला वाटत होते की स्क्रॅचमध्ये सगळे निर्णय आपले असतात. तसे नसते. ब्रिटिश नौदलाचे अठराव्या शतकातले मूळ आराखडे ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये मोठ्या संख्येने जपलेले आहेत, बहुतेक १:४८ मध्येच, आणि त्यांच्याकडे आपण वेदवाक्य म्हणून पाहतो. पण ते गोदीसाठी काढलेले आहेत. त्यांतल्या रेषा फासळ्यांच्या बाहेरच्या कडेच्या असतात, फळ्यांची जाडी त्यांच्यावर आपण चढवायची असते. गोदीतल्या माणसाला जे पाठच होते, ते त्यांत काढलेलेच नाही. कागदही दोन-अडीचशे वर्षांत सगळीकडे सारखा आक्रसत नाही. आज आपण ज्या स्वच्छ नकाशावरून काम करतो, त्याच्या मागे कोणीतरी या सगळ्या पोकळ्या आपल्या अंदाजाने भरलेल्या असतात. फरक इतकाच की किटमध्ये तो अंदाज लाकडात कापून येतो आणि इथे शाईत. शाई अजून खोडता येते.

शिवाय ‘खऱ्यासारखा’ हा शब्दही जपून वापरावा असा आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत नौदलाच्या वर्तुळात ज्या सुरेख प्रतिकृती केल्या जात, ज्यांच्या पोटाचा खालचा भाग फळ्यांविना उघडा ठेवलेला असे, त्यांना आपण या कलेचा कळस मानतो. पण त्यांतल्या फासळ्यांची मांडणी खऱ्या जहाजातली नसे. ती एक ठरून गेलेली, डोळ्यांना आवडणारी शैली होती. किटमधल्या प्लायवूडच्या आडव्या पडद्यांना ‘असे जहाजात काही नसते’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी ही गोष्ट हटकून सांगतो. तशीच नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच युद्धकैद्यांची. इंग्लंडमधल्या नॉर्मन क्रॉस इथल्या तळावर, १७९७ ते १८१४ या काळात, कैद्यांनी जेवणातून उरलेली हाडे तासून जहाजे बांधली, आणि त्यांतली काही पीटरबरोच्या संग्रहालयात आहेत. त्यांच्याकडे ना नकाशा होता ना लाकडाची निवड. स्क्रॅच याहून शुद्ध असू शकत नाही. आणि तरी ती जहाजे प्रमाणात चुकलेली असतात: डोलकाठ्या फार उंच, तोफा फार मोठ्या. आठवणीत जे ठसठशीत होते, ते हाडात मोठे झाले.

तेव्हा निवड कशी करावी, असे मला कोणी विचारले तर मी आधी जहाजाचे नाव विचारतो. जे जहाज मनात बसले आहे त्याचे किटच निघत नसेल, तर प्रश्न तिथेच मिटला. निघत असेल, तर खोक्याचे चित्र न पाहता आतला नकाशा पाहावा आणि स्वतःला विचारावे की यातले काय मला खटकते आहे. काहीच खटकत नसेल, तर किट घ्यावे आणि निवांत बांधावे. ते अज्ञान सुखाचे आहे आणि मी पहिल्या जहाजाच्या वेळी ते भरपूर उपभोगले आहे. दहा गोष्टी खटकत असतील, तर किट घेऊन त्या दहा बदलाव्यात. आणि सगळेच खटकत असेल, तर लाकूड आणायला जावे. माझा आग्रह एकाच बाबतीत आहे: पहिले जहाज शंभर तोफांचे नसावे, मग ते खोक्यातले असो की कागदावरचे. एका डोलकाठीचे असावे. अर्धवट राहिलेली मोठी जहाजे मी पुष्कळ घरांत माळ्यावर पाहिली आहेत, आणि त्यांतली एकही कौशल्याच्या अभावी अडलेली नव्हती. सगळी तोफांच्या तिसऱ्या रांगेच्या कंटाळ्याने अडली होती. किटकडून स्क्रॅचकडे जाणे ही बढती आहे, असेही मी मानत नाही. मी स्वतः गेल्या वर्षी पुन्हा एक किट बांधले, कारण त्या वर्षी मला फक्त गाठी मारायच्या होत्या.

परवा शेजारची मुलगी तिचे पहिले किट घेऊन आली. एका डोलकाठीचा कटर, कणा आणि अकरा पडदे. गोंद लावण्याआधी पडदे नुसते खाचांत बसवायला मी तिला सांगितले आणि एक लवचीक पट्टी तिच्या हातात दिली, ती नाळेपासून पिछाडीपर्यंत पडद्यांच्या कडांवरून टेकवून बघ म्हटले. पट्टी सहा पडद्यांवर अलगद टेकली, सातव्यावर तिच्याखालून उजेड दिसला आणि आठव्यावर ती पुन्हा टेकली. तिने पट्टी उचलली, पुन्हा टेकवली, मग नकाशा उलगडून सातव्या पडद्याची आकृती शोधली आणि तिच्यावर तो लाकडी पडदा ठेवून पाहिला. तो आकृतीशी तंतोतंत जुळत होता.

“काका, म्हणजे नकाशाच चुकलाय?” तिने विचारले.

“असेल. किंवा सहावा आणि आठवा चुकले असतील.”

ती बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिली. मग तिने माझ्या मेजावरून अर्ध्या मिलिमीटरची एक चिपाटी उचलली, सातव्या पडद्याच्या कडेवर धरली, पट्टी पुन्हा टेकवली आणि खाली वाकून उजेड दिसतो का ते पाहू लागली.